शिष्य घडवायला आठवड्यातली एक संध्याकाळ

शिष्य करा, त्यांना माझ्या आज्ञा पाळायला शिकवा, हे बायबलमध्ये मत्तय 28:19-20 इथे प्रभू येशूने सगळ्यांनाच सांगितलंय, एकट्या पाळकांना (चर्चच्या पास्टरना) नाही. आड येतं ते मोबाइल, मालिका, सोसायटीचा ग्रुप. आणि मंडळीतलीच, म्हणजे चर्चमधलीच धावपळ! ती ओळखणं सगळ्यात अवघड. सतरंज्या, चहा, गायनाचा सराव ही सेवाच आहे; पण लूक 10 मधली मार्था येशूच्या पाहुणचाराच्या अशाच चांगल्या कामात गुंतली होती, त्याचं ऐकत बसली ती तिची बहीण.

म्हणून एकच माणूस निवडा, स्वतःहून प्रश्न विचारणारा. वार पक्का करा. आमच्या ऐरोलीत बायका ठाण्याहून लोकलने दमून येतात, म्हणून मी गुरुवारी रात्री जेवणानंतर बसते. दोघींचे फोन सायलेंट करून ओट्यावर पिठाच्या डब्यामागे ठेवते. नुसते उपडे ठेवून भागत नाही, हात जातोच. बायबल छापील घ्या.

मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय आहेत. आठवड्याला एक, मोठ्याने वाचा. मग विचारा: येशू इथे काय करतो? या आठवड्यात मी काय पाळू? पुढच्या वेळी सुरुवात याच दुसऱ्या प्रश्नापासून करा, माझ्या मते खरं शिष्यपण तिथेच घडतं.

पाहुणे आले तर त्यांनाही बसवा. नाहीच जमलं तर शनिवारपर्यंत उरकाच.

मार्क संपला की पुढची मैत्रीण तिलाच शोधू द्या; शिकलेल्याने पुढे इतरांना शिकवावं, असं 2 तीमथ्य 2:2 मध्ये आहे. पहिल्या दिवशी तुम्ही शेजारी बसा, पण शिकवू तिलाच द्या.