हरिकेनच्या हंगामात चित्रवही घेऊन प्रवास करताना

कॅरिबियन बेटे, मेक्सिकोचे आखात आणि अमेरिकेचा आग्नेय किनारा या पट्ट्यात हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या तीव्र चक्रीवादळांचा, अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास सर्वाधिक असतो. याच काळात पर्यटकांची गर्दी ओसरलेली असते आणि आकाश घडोघडी पालटत असते, त्यामुळे चित्र काढणाऱ्या प्रवाशाला हा प्रदेश खुणावतो. जाण्यास हरकत नाही. मात्र तेथे चित्रांसाठी मिळणारी सवड ही तयारी आधी उरकण्यावर अवलंबून असते, हे धरूनच आखणी करावी. पाण्याच्या बाटल्यांसाठी शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ढग पाहण्याइतके मन मोकळे नसते.

प्रवासाचा विमा तिकिटासोबतच घ्यावा. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेल्या विम्यात त्या वादळामुळे होणारे नुकसान बहुधा धरले जात नाही. मुक्कामाची जागा ठरवताना तेथील प्रशासनाचा स्थलांतर-विभागांचा नकाशा पाहावा आणि आपला पत्ता कोणत्या विभागात येतो ते लिहून ठेवावे. हे विभाग प्रामुख्याने समुद्राचे पाणी किती आत शिरू शकते यावरून आखलेले असतात, आणि हरिकेनमधील जीवितहानीला वाऱ्यापेक्षा पाणीच अधिक कारणीभूत ठरत आले आहे. पाच श्रेणींची परिचित मोजपट्टी मात्र केवळ वाऱ्याचा वेग सांगते: पहिली श्रेणी ताशी ११९ किलोमीटरला सुरू होते आणि पाचवी २५२ ला. २०१८ साली फ्लॉरेन्स हे हरिकेन नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर आले तेव्हा ते पहिल्याच श्रेणीत होते, पण संथ गतीने सरकत त्याने इतका पाऊस पाडला की फार मोठा प्रदेश पुराखाली गेला. श्रेणी लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

अंदाजांसाठी मायामी येथील नॅशनल हरिकेन सेंटरची पत्रके वाचावीत. ती एरवी दर सहा तासांनी आणि किनाऱ्याला इशारा लागू झाल्यावर दर तीन तासांनी निघतात. नकाशावरील पांढरा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. केंद्र कोठून जाऊ शकेल एवढेच तो सांगतो, आणि साधारण तीनातून एकदा केंद्र त्याच्याही बाहेर जाते. जोराचा वारा पोहोचण्याच्या सुमारे ४८ तास आधी ‘वॉच’ (वादळ येण्याची शक्यता) आणि ३६ तास आधी ‘वॉर्निंग’ (वादळ येणार असल्याचा इशारा) जाहीर होते. प्रवाशाने निघायचे की थांबायचे हा निर्णय वॉच लागताच घ्यावा, कारण विमाने भरतात आणि पुढे विमानतळच बंद होतात. स्थलांतराचा आदेश आल्यास त्यावर विचारविनिमय करत बसू नये.

थांबायचे ठरल्यास माणशी रोज चार लिटर पाणी, न शिजवता खाता येईल असे अन्न, औषधे, बॅटरीवर चालणारा रेडिओ, विजेरी, चार्ज केलेल्या पॉवर बँका आणि सुट्ट्या नोटा जवळ असाव्यात. वीज गेली की कार्ड चालत नाही. शौचालयासाठी बाथटब किंवा बादल्या भरून ठेवाव्यात. खिडक्यांना चिकटपट्टी लावण्यात वेळ घालवू नये, तिने काच फुटायची थांबत नाही. मेणबत्तीही टाळावी.

चित्रसाहित्याची निवडही याच बेताने करावी. टर्पेंटाइन विमानात नेता येत नाही आणि बंद खोलीत त्याचा वास असह्य होतो, म्हणून तैलरंग घरीच ठेवणे शहाणपणाचे. दमट हवेत जलरंगाचा थर लवकर वाळत नाही आणि त्यावर दुसरा चढवला की दोन्ही एकमेकांत मिसळून गढूळ होतात. त्यापेक्षा मऊ पेन्सिली, मेणाचे खडू आणि पाण्याने न फुटणारी शाई बरी. चित्रवही पारपत्राबरोबर हवाबंद पिशवीत ठेवावी आणि पूर्ण झालेल्या पानांची छायाचित्रे वीज असतानाच काढून घ्यावीत.

वादळाचे चित्र वादळात उभे राहूनच काढावे, असा एक हौशी समज आहे. त्या हौसेपायी किनाऱ्यावर जाणे सर्वांत घातक, कारण वादळ शेकडो किलोमीटर दूर असतानाच त्याच्या लांब, संथ लाटा येऊन पोहोचतात आणि निरभ्र आकाशाखालीही माणसांना आत ओढून नेतात. चित्राला त्याची गरजही नसते. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर यांच्या १८९९ सालच्या जलरंगातील हरिकेननंतरच्या बहामाच्या चित्रात वादळ ओसरलेले आहे. वाळूवर फुटकी होडी आहे आणि तिच्याजवळ एक माणूस पडलेला आहे. जे घडून गेले ते पाहणाऱ्याला तेवढ्यावरूनच कळते.

खरे विषय वादळाआधीच्या दोन दिवसांत मिळतात. उंचावरील तंतुमेघ एकाच दिशेकडून पंख्यासारखे पसरू लागतात. दर तासाला, त्याच जागेवरून, हातभर आकाशाचे छोटे रेखाटन करून त्यावर वेळ टिपावी, म्हणजे ढगांची चाल कागदावर उतरते. गावात हिंडताना माणसांच्या हातांकडे पाहावे. खिडक्यांवर प्लायवूड ठोकणारा माणूस प्रत्येक फळीवर खडूने खिडकीचा क्रमांक लिहितो, म्हणजे पुढच्या खेपेस तीच फळी त्याच चौकटीत बसते. बंदरात नावाडी दोर दुहेरी करतात आणि तो जेथे कडेला घासेल तेथे रबरी नळीचा तुकडा चढवतात. काळा चौकोन असलेले दोन लाल बावटे वर चढले की हरिकेनचा इशारा लागू झाला असे समजावे, वही मिटावी आणि मुक्कामी परतावे. शक्य झाल्यास जाता जाता कोणाची फळी धरू लागावे. रेखाटनासाठी ज्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिलो, त्याला एवढी मदत करणे योग्यच आहे.

प्रत्यक्ष वादळात खिडक्यांपासून दूर, आतल्या लहान खोलीत बसावे. तेथे पाहण्यासारखे फारसे नसते, पण आवाज असतो: त्याची पट्टी, त्याचे चढउतार, मध्येच कोसळलेल्या वस्तूचा धक्का. हे शब्दांत टिपून ठेवल्यास नंतर रेषेला उपयोगी पडते. विजेरीच्या उजेडात सोबत्यांचे चेहरे काढता येतात, मात्र बॅटरी राखून. वारा एकाएकी पडला आणि वर उजाडल्यासारखे झाले, तर तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्याच वेळात उलट दिशेने पुन्हा तेवढाच वारा सुटतो, म्हणून अधिकृत सूचना मिळेपर्यंत दार उघडू नये.

नंतर बाहेर पडल्यावर साचलेल्या पाण्यात पाय घालू नये, कारण त्याखाली तुटलेली वीजवाहिनी असू शकते. मोडलेली घरे काढण्यापूर्वी घरमालकाला विचारावे, आणि तो सामान उपसत असेल तर आधी हात लावावा. परवानगी नसेल तेथे झाडे असतातच: एकाच बाजूला पिंजारलेल्या माडांच्या झावळ्या वाऱ्याची शेवटची दिशा दाखवतात. ओलसर झालेली वही मिटून ठेवल्यास तिला बुरशी लागते, त्यामुळे पानांमध्ये कोरे कागद घालून ती उभी उघडी ठेवावी आणि कागद रोज बदलावेत.