टर्मिनल गपकन थांबलं? आधी कंट्रोल क्यू दाबून बघा

बेळगावात टिळकवाडीतल्या रूमवर बसून टर्मिनलातनं (कमांड टाइप करायची खिडकी) एका जुन्या सर्व्हरवर व्हिम या एडिटरमध्ये फाइल एडिट करत होतो, अन् विंडोजची सवय कुठं जातीय, हात गेला कंट्रोल एसवर. स्क्रीन एकदम दगड. कायपण टाइप करा, उमटेना. मला वाटलं नेट गेलं, रागानं विंडोच बंद केली (व्हिम आपोआप ठेवतंय त्या स्वॅप फाइलमुळं काम वाचलं म्हणा).

खरं ते हँग झालेलंच नसतंय. कंट्रोल एस म्हणजे 'थांब', कंट्रोल क्यू म्हणजे 'सोड'. टेलिटाइपच्या (तारेवरनं चालणारा जुना टाइपरायटर) काळातलं हे खातं, नाव एक्सऑफ-एक्सऑन, आस्कीत (अक्षरांच्या नंबरांची यादी) नंबर १९ आणि १७. तर अडकलं की फक्त कंट्रोल क्यू. उगच दहा बटणं बडवू नका, कारण तुम्ही मारलेलं सगळं आत साठून राहतंय आणि सोडल्यावर एंटरसकट चालतंय, आणि कंट्रोल सी मारलात तर टर्मिनल सुटतंय खरं आतला प्रोग्रॅम बहुतेक मरतोय.

कायमचं बंद करायचं असलं तर आधी 'एसटीटीवाय मायनस ए' चालवा (एसटीटीवाय म्हणजे टर्मिनलची सेटिंगं बघायची-बदलायची कमांड). त्यात आयएक्सऑनच्या (ह्याच थांब-सोडचं सेटिंग) आधी मायनस नसलं तर ते चालू हाय. मग 'एसटीटीवाय मायनस आयएक्सऑन', झालं. वरनं फायदा असा की बॅशमध्ये (टर्मिनलातल्या कमांडी चालवणारा प्रोग्रॅम) कंट्रोल आरनं हिस्ट्रीत मागं शोधताना जास्तच मागं गेलात तर कंट्रोल एसनं उलटं येता येतंय, हे कितीतरी जणांना माहीतच नसतंय. ही 'मायनस आयएक्सऑन'ची ओळ बॅशआरसीत (बॅश सुरू होताना वाचतंय ती फाइल) टाका, खरं सेशन इंटरॅक्टिव्ह (समोर माणूस टाइप करतोय असं) हाय का बघूनच चालेल अशी अट घाला, नाहीतर एससीपीनं सर्व्हरवर फाइल कॉपी करताना फुकटचा एरर.

आता हे जुनं खातं निव्वळ टाकाऊ समजू नका. उद्यमबागेतल्या कारखान्यांत सीएनसीला (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं कटिंग मशीन) प्रोग्रॅम सिरीयल केबलनं सोडतात तिथं बऱ्याचदा हेच चालतंय, मशीनची मेमरी भरत आली की ते एक्सऑफ पाठवतंय, पीसीनं ऐकलं नाही तर अक्षरं गळतात आणि कटिंग प्रोग्रॅमात गळलेलं अक्षर म्हणजे जॉबच वाया. टर्मिनलात बंद केलेलं त्या पोर्टला लागत नाही, त्याचं सेटिंग वेगळं, 'एसटीटीवाय मायनस कॅपिटल एफ' लावून पोर्टचं नाव द्यायचं.

आणि उलटं, मिनीकॉममध्ये (सिरीयल पोर्टवरनं बोलायचा प्रोग्रॅम) केबलनं जोडलेल्या बोर्डाचे मेसेज दिसतात खरं तुमचं टाइप केलेलं पोचत नाही, तर कंट्रोल ए, मग ओ, सिरीयल पोर्ट सेटअपमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (थांब-सोड अक्षरांऐवजी वेगळ्या वायरीनं सांगायची पद्धत) 'नो' करा. तीन वायरींच्या केबलीत त्या सिग्नलची वायरच नसतीय.