लिनक्स कर्नलमधल्या ट्रेसपॉइंटचा पॅच तपासताना
ट्रेसपॉइंट म्हणजे कर्नलच्या कोडमधली घटनेची नोंद करणारी जागा, आणि पॅच म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल. आधी टीपी_प्रिंटके (नोंद कशी छापायची ते सांगणारा भाग) बघा. तिथे पॉइंटरमागची (मेमरीतल्या पत्त्यावरची) माहिती वाचली जात असेल, तर पॅच तिथेच थांबवा. नोंद रिंग बफरमध्ये (नोंदी साठवायच्या मेमरीत) आत्ता पडते, छापली जाते नंतर. तोवर ती मेमरी मोकळी झालेली असू शकते. मजकूर __स्ट्रिंग (नोंदीत जागा ठेवणारं) आणि __असाइन_एसटीआर (त्यात मजकूर भरणारं) हे मॅक्रो वापरून नोंदीतच उतरवायला सांगा. (कर्नल ६.१० पासून __असाइन_एसटीआरला एकच आर्ग्युमेंट लागतं. जुन्या शाखेत बॅकपोर्ट करताना (तोच बदल जुन्या आवृत्तीत नेताना) बिल्ड इथेच मोडतो.)

मग नोंदीतल्या फील्डांचा (माहितीच्या रकान्यांचा) क्रम. पहिलं ४ बाइटांचं आणि लगेच पुढे ८ बाइटांचं असेल, तर ६४-बिट यंत्रावर प्रत्येक नोंदीत ४ बाइट फुकट जातात. मोठी फील्डं आधी हवीत.

जुन्या इव्हेंटचं (ट्रेसपॉइंटने नोंदवलेल्या घटनेचं) फील्ड काढलंय? ते वाचणारी यूजरस्पेसमधली (कर्नलबाहेर चालणारी) साधनं आधी शोधा. शेवटी इव्हेंट चालू करून एफट्रेसटेस्ट (कर्नलसोबत येणाऱ्या ट्रेसिंगच्या चाचण्या) चालवा.