काही महिने परदेशात काम करताय? एकाच पगारावर दोनदा टॅक्स जाऊ देऊ नका

तिथेही टॅक्स कापतात आणि मायदेशात रिटर्न भरताना तोच पगार परत धरला जातो. हे टाळायला:

१. जायच्या आधीच दोन्ही देशांत टॅक्स करार आहे का बघा. बहुतेक करारांत १८३ दिवसांपर्यंत तिथला टॅक्स माफ असतो, पण नुसते दिवस कमी असून भागत नाही, पगाराचा खर्च तिथल्या कंपनीने किंवा आपल्याच कंपनीच्या तिथल्या शाखेने उचललेला नसावा लागतो, आणि हेच लोक हमखास विसरतात.

२. मायदेशाच्या टॅक्स खात्याकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (टॅक्ससाठी तुम्ही मायदेशाचेच रहिवासी असल्याचा दाखला) काढून तिथल्या पेरोलवाल्यांना आधीच द्या.

३. तरी टॅक्स कापलाच, तर कापल्याचं सर्टिफिकेट तिथून निघण्यापूर्वीच मागून ठेवा, मायदेशातल्या रिटर्नमध्ये पूर्ण उत्पन्न दाखवा आणि फॉरेन टॅक्स क्रेडिट (तिथे भरलेला टॅक्स इथल्या टॅक्समधून वजा करून घेणं) मागा, ते सहसा त्या उत्पन्नावर मायदेशात जेवढा टॅक्स बसतो तेवढ्यापुरतंच मिळतं.

एक सांभाळा, दिवस मोजताना पोचल्याचा आणि निघाल्याचा दिवस, मधले शनिवार-रविवार सगळं सहसा धरतात, आणि १८३ दिवस कॅलेंडर वर्षातले की कुठल्याही सलग १२ महिन्यांतले हे करारागणिक बदलतं, म्हणून पासपोर्टवरचे शिक्के आणि बोर्डिंग पास यांचे फोटो काढून ठेवाच.