थांबायचं असेल तर वाट सोडून: बाजार, पंप आणि रस्त्यासाठी

सावकाश चालणं हा दोष नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी, उसानं भरलेला ट्रॅक्टर, नुकतीच स्कूटी शिकलेली मुलगी यांना त्यांच्या गतीनं जाण्याचा हक्क आहे. खोळंबा होतो तो वेगळ्याच कारणानं. काय घ्यायचं याचा विचार, पैशांची शोधाशोध, ओळखीच्याशी गप्पा ही सगळी कामं लोक दुसऱ्याच्या वाटेत उभं राहून करतात. ती वाटेत शिरण्याआधी उरकायची किंवा बाहेर पडल्यावर करायची. पुढचं बरंचसं यातूनच येतं.

बाजाराला जाताना

गाडी दुकानाच्या तोंडाशी लावू नका, मग काम दोन मिनिटांचं असलं तरी. 20 फुटी गल्लीत दोन्ही बाजूंना सहा-सहा फूट रुंदीच्या गाड्या लागल्या की मधे आठ फूट उरतात. त्यात मालाचा टेम्पो आणि केळीची हातगाडी समोरासमोर आली की रस्ता संपला. संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा कुठल्याही गावच्या जुन्या मोंढ्यात रोज हेच घडतं. चारचाकी बाहेर मोकळ्या जागी लावून पाच मिनिटं चाललेलं परवडतं. दुचाकी मधल्या स्टँडवर उभी करा, साइड स्टँडवर ती जास्त जागा खाते. दुचाक्यांची दाट रांग असेल तिथं हँडल लॉक केल्यास शेजारच्याला आपली गाडी काढता येत नाही, म्हणून अशा ठिकाणी थोडी फट ठेवूनच लावा. चारचाकीत बसलेल्या चालकानं उजवं दार डाव्या हातानं उघडावं. अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

आठवडी बाजारात ऊन उतरलं की गर्दी वाढते, त्यामुळे वेळ असेल तर आधी जा. यादी बाजारातल्या ओळींच्या क्रमानं करा. बटाटे-कांदे आधी, टोमॅटो आणि पालेभाजी शेवटी. म्हणजे पिशवीही नीट भरते आणि मागे फिरावं लागत नाही. भाव विचारायला पालाच्या मधोमध उभं राहू नका, एका कडेला उभं राहा. शेतकरी तराजू लावतो तोवर पिशवीचं तोंड उघडं ठेवा आणि पैसे हातात.

सगळ्यात जास्त वेळ पैशांपाशी जातो. 10, 20, 50 च्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा. 20 रुपयांच्या कोथिंबिरीला 500 ची नोट दिली की विक्रेता सुट्ट्यासाठी शेजारी धावतो आणि मागची चार माणसं ताटकळतात. 10 रुपयांचं नाणं वैध चलन आहे, ते नाकारू नका. मोबाइलनं देणार असाल तर माल तोलत असतानाच अ‍ॅप उघडून ठेवा. रेंज कमी असलेल्या बाजारात यूपीआय लाइट बरं पडतं. त्यात आधी पैसे भरून ठेवता येतात आणि 1000 रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही. व्यवहार अडकला तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. बाजूला सरका, मागच्याला पुढे येऊ द्या आणि विक्रेत्याचा पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलेपर्यंत थांबा. डबा बोललाच नाही तर बँकेचा मेसेज किंवा अ‍ॅपमधला व्यवहार तपासा.

मोठ्या दुकानात दोनच गोष्टी अडचण करतात. आडवी सोडलेली ट्रॉली ही एक. दुसरी म्हणजे वजन करून स्टिकर न लावलेली सुटी भाजी, जी बिलाच्या काउंटरवर आल्यावर सगळी रांग थांबवते. मागच्याकडे एकच वस्तू असेल तर त्याला आधी जाऊ द्या. तुमच्याकडे एकच असेल तर विचारा: "मावशी, एवढंच आहे, पुढं जाऊ का?" नकार मिळाला तर तो मान्य करा.

पेट्रोल पंपावर नंबर येण्याआधीच टाकीचं झाकण काढा, सीटखालची टाकी असेल तर सीट उघडा. मीटर शून्यावर आहे हे बघा. पेट्रोल भरून झालं की गाडी दोन-तीन मीटर पुढे ढकला आणि झाकण, पाकीट, हेल्मेट तिथं आवरा. हवा भरायची असेल तर पेट्रोलच्या रांगेतून पूर्ण बाहेर पडा.

चौकात

सिग्नल हिरवा झाल्यावर एका ओळीतून साधारण दोन सेकंदांना एक गाडी सुटते. पुढचा मोबाइल बघत पाच सेकंद हरवला तर मागच्या दोन-तीन गाड्या पुन्हा लाल दिव्यात अडकतात. सरळ जायचं असेल तर डावीकडे वळणाऱ्यांची वाट मोकळी ठेवा. गोल चौकात आत फिरत असलेल्या गाडीला आधी वाट, बाहेरून येणाऱ्यानं थांबायचं. लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात, तिथं हा एकच नियम पाळला तरी बराच फरक पडतो.

काळी-पिवळी किंवा रिक्षा चौकाच्या तोंडावर थांबते, कारण प्रवासी तिथंच हात करतात. चौक ओलांडून 30-40 मीटर पुढे जाऊन उभे राहा. चालकाला दोष देण्याआधी एवढं आपल्या हातात आहे.

सायरन ऐकू आला की आधी आरशात बघा, इंडिकेटर द्या आणि डावीकडे सरका. घाबरून मधेच ब्रेक मारू नका, आणि रुग्णवाहिका गेली की तिच्या मागे लागून वाट काढू नका. संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात अख्ख्या मराठवाड्यातून रुग्ण येतात, त्यातले कित्येक दोन-तीन तासांच्या प्रवासानंतर शहरात पोहोचतात. रुग्णवाहिकेला वाट न देण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ई मध्ये 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

महामार्गावर आणि गावरस्त्यावर

समृद्धी महामार्गावर उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. मागून गाडी आली आणि डावी लेन मोकळी असेल तर 80 नं जा की 120 नं, डावीकडे या. टोलवर पोहोचण्याआधी फास्टॅगची शिल्लक बघून घ्या. चालू फास्टॅग नसेल तर 15 नोव्हेंबर 2025 पासून राष्ट्रीय महामार्गांवर यूपीआयनं सव्वापट टोल लागतो. त्याशिवाय मागची रांग वाढते ती वेगळीच.

गाळपाच्या दिवसांत बीड, धाराशिव, लातूर, परभणीच्या दुपदरी रस्त्यांवर डबल ट्रॉली ओलांडणं हे सर्वांत धोक्याचं काम. हिशोब करून बघा. ट्रॅक्टर ताशी 20 किमी, तुम्ही 50. दोघांतला फरक सेकंदाला सुमारे 8 मीटर. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबी 18 मीटर धरली आणि तुमची गाडी, मागचं-पुढचं अंतर मिळवलं तर 45 मीटर कापायचे, म्हणजे साडेपाच सेकंद. तेवढ्यात तुम्ही 75 मीटर जाता आणि समोरून 60 नं येणारी गाडी 90 मीटर. दोन्ही मिळून 165 मीटर, त्यात सुरक्षेसाठी जादा अंतर धरून किमान 300 मीटर रस्ता रिकामा दिसायला हवा. 200 मीटरचे दगड रस्त्याकडेला असतात, त्यावरून अंदाज घ्या. वळण, पूल आणि चढाचा माथा इथं मागेच राहा. ट्रॅक्टरच्या फार जवळ जाऊ नका, समोरचं दिसत नाही आणि ऊस घसरून पडतो.

पुढच्यानं दिलेला इंडिकेटर परवानगी समजू नका. उजवा इंडिकेटर कुणी "या" म्हणून देतो, कुणी "थांबा" म्हणून, तर कुणी खरंच वळणार असतो. स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता दिसला तरच जा. ओव्हरटेक करताना एक हॉर्न पुरे, रात्री एकदा डिप्पर. समोरून गाडी येताना अप्पर लगेच उतरवा. त्यानं नाही उतरवला तर चिडून आपला चढवू नका, वेग कमी करा आणि नजर डाव्या कडेच्या पट्टीवर ठेवा.

हळू गाडी चालवणाऱ्यांचीही बाजू आहे. ट्रॉलीच्या मागे दोन्ही टोकांना लाल रेडियम लावा, चिखलानं ते झाकलं जातं म्हणून रोज निघताना पुसा. मागे पाच-सहा गाड्या साचल्या की धाबा किंवा रुंद साइडपट्टी बघून डावीकडे थांबा आणि त्यांना जाऊ द्या, दोन मिनिटांत काम होतं. बंद पडल्यास ट्रॅक्टर होईल तेवढा डांबराखाली घ्या, चाकांना दगड लावा आणि 50 मीटर मागे फांद्या किंवा रेडियमचा त्रिकोण ठेवा. दुरुस्ती झाली की फांद्या आणि दगड उचलून शेताच्या कडेला टाका. ते तसेच राहिले तर अंधारात पुढची दुचाकी त्यांच्यावर चढते.