गाडीची किल्ली वरच्या फळीवर: दिवाळीनंतर पायी आणि सायकलने निघण्याची तयारी

पुण्यात रोजच्या कामांना पायी किंवा सायकलने जायला सुरुवात करायची असेल तर भाऊबीजेनंतरचा सोमवार धरा. पाऊस गेलेला असतो, ऊन बोचत नाही, आणि शाळांची सुट्टी संपलेली नसली तर पहिले काही दिवस सकाळचे रस्तेही जरा श्वास घेऊ देतात. जूनमध्ये सुरुवात केलेली दोन माणसं माझ्या माहितीत आहेत. दोघंही पहिल्या सरीला घरी बसली. हा सोमवार धरला की तयारीला दिवाळीचा आठवडा मिळतो, आणि तो पुरतो. मात्र तयारी करायचीच. 'उद्यापासून सायकल' हे सकाळी नऊला दारात उभं राहून ठरत नाही. तेव्हा हात किल्लीकडेच जातो, माझाही जातो.

सर्वात आधी कागद घ्या आणि गेल्या आठवड्यात गाडी कुठे कुठे नेली ते आठवून लिहा. लाजायचं नाही, कोपऱ्यावरच्या डेअरीपासून लिहायचं. मी लिहिलं तेव्हा दळण, इस्त्रीचे कपडे, बँक, औषधं, मुलाचा क्लास, ऑफिस, आणि 'कोथिंबीर राहिली' म्हणून मारलेली वेगळी फेरी असं सगळं निघालं. निम्म्याहून जास्त फेऱ्या दोन किलोमीटरच्या आतल्या होत्या. बेताच्या चालीने किलोमीटरला बारा-तेरा मिनिटं लागतात, आरामात सायकल मारली तर चार ते पाच. कागदावर प्रत्येक फेरीपुढे हे मिनिटांचे आकडे मांडले की बरंच काही आपोआप ठरतं. किलोमीटरच्या आतलं सगळं पायी, चार-पाच किलोमीटरपर्यंत सायकल, त्यापुढे मेट्रो नाहीतर पीएमटीची बस (पीएमपी म्हणायला अजून जीभ वळत नाही). आणि ऑफिस पहिल्या आठवड्यात घ्यायचं नाही. सगळे ऑफिसपासूनच सुरू करतात, तिसऱ्या दिवशी उशीर होतो आणि सायकल बदनाम होते. आधी दळण आणि औषधं. पंधरा दिवस तेवढंच केलं तरी चालेल.

आता सायकल. नवी घ्यायला पळू नका. मी एकदा उत्साहात एकवीस गिअरची, बारीक टायरची, बिनमडगार्डची घेतली होती. लिफ्टमध्ये ती आडवी मावेना, उभी मावेना. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत तिच्यावर टॉवेल वाळायचे. रोजच्या कामाच्या सायकलला मडगार्ड लागतात, चेनकव्हर लागतं, मागे कॅरिअर, पुढे टोपली, दणकट स्टँड आणि लांबून ऐकू येणारी घंटी लागते. गिअर असले तर चांगलेच, विशेषतः पाषाण-बावधनकडचा चढ रोजचा असेल तर. पेठा, डेक्कन, कर्वेनगर एवढ्यात फिरायचं असेल तर नसले तरी अडत नाही. त्यामुळे जिन्याखाली पडलेली जुनी काढा, नाहीतर ओळखीत विचारा. प्रत्येक सोसायटीत अशी एक सायकल असते जिच्या मालकाला ती आहे हेच आठवत नाही.

ती काढली की दुकानात न्यायची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नको, त्या दिवशी दुकानदार हिशेबात आणि झेंडूच्या माळांत असतो, दोन दिवस आधी जा. आमच्याकडच्या दुकानावर अजून 'ओव्हरऑइलिंग करून मिळेल' असं रंगवलेलं आहे. मूळ शब्द ओव्हरहॉलिंग, पण तेल पाजायचंच असतं म्हटल्यावर ओव्हरऑइलिंग काय चूक आहे? मी म्हटलं, टायर-ट्यूब दोन्ही बदला, रोज हवा उतरते. त्यांनी व्हॉल्व्हची टोपी काढली, चिमटीत धरून आतली पिन बाहेर ओढली आणि तिच्यावरची रबराची बारीक नळी नखाने सोलली. ती शेवयासारखी तुकडे तुकडे होऊन पडली. "ताई, ट्यूब चांगली आहे. वालट्यूब गेलीये." दोन बोटं लांबीची नवी नळी थुंकी लावून पिनेवर चढवली, हवा भरली आणि पुढचे दहा दिवस सायकलने तक्रार केली नाही. तेव्हा देशी व्हॉल्व्हची सायकल असेल तर या नळीचे चार तुकडे घरात आणून ठेवाच. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. किती भरायची ते टायरच्या कडेवर उठावात छापलेलं असतं, त्यापुढे जायचं नाही. घरी हातपंप असावाच, कारण हवेसाठी दुकान उघडायची वाट बघायची म्हटली की त्या दिवशी गाडी निघाली म्हणून समजा.

दुकानातच आणखी तीन गोष्टी करून घ्या. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडी हँडलला टेकता कामा नये, आणि ब्रेकचं रबर रिमला लागलं पाहिजे, टायरला नाही. चाक हवेत फिरवून बघा, लचकत असेल तर आउट काढून घ्या, म्हणजे चाक सरळ करून घ्या. आणि सीटची उंची. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवून पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे निम्मी जनता सीट खाली ठेवून, गुडघे हनुवटीला लावत सायकल मारते आणि मग गुडघे सायकलने गेले म्हणते.

सायकल ठेवायची कुठे, हा प्रश्न मी सायकलीइतकाच मोठा मानते. जिना उतरल्या उतरल्या गाडी समोर उभी असते आणि सायकल काढायला दोन स्कूटर सरकवाव्या लागतात, म्हणून ती राहते. सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होऊन गेलेली असते, तिथे विषय मांडायची संधी हुकली. पण कमिटीच्या बैठकीत चिठ्ठी देता येते. चिठ्ठीत 'सायकलींना प्रोत्साहन' वगैरे लिहू नका, कोणी वाचत नाही. 'गेटजवळच्या मोकळ्या पट्टीत आठ सायकली बांधता येतील असा लोखंडी पाइप बसवावा' असं लिहा, जागेचा फोटो आणि वेल्डरचा दर जोडा. आमच्याकडे ठराव झाला तो दरामुळे. मग गंजून पडलेल्या सायकलींना महिनाभराच्या मुदतीच्या चिठ्ठ्या बांधल्या. तीन मालक उगवले, बाकीच्या सायकली वॉचमनकाकांनी गावाकडे नेल्या. कुलूप मागच्या चाकाचं असतंच, त्याच्यावर विसंबू नका. साखळी फ्रेम आणि चाक दोन्हींतून घालून पाइपला बांधा.

रस्ता रविवारी सकाळी बघून ठेवायचा, आणि तो गाडीचा नेहमीचा रस्ता नसतो. मी कर्वेनगरहून डेक्कनला जाते. गाडीने नेहमी कर्वे रोड. सायकलने डीपी रोड, नदीच्या कडेकडेने म्हात्रे पुलापर्यंत, मग एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्या. लांबी जवळजवळ तेवढीच, बसचे हॉर्न कमी, झाडं जास्त. पण तुळशीची लग्नं लागली की डीपी रोडवरची लॉन्स आणि कार्यालयं जागी होतात. संध्याकाळी सातनंतर तिथे वराती, घोडा, बँड आणि रस्त्यातच थांबलेल्या मोटारी. म्हणून परतीचा रस्ता वेगळा काढून ठेवा, तोही एकदा अंधारात बघा. कर्वे रोडने जायची वेळ आलीच तर नळ स्टॉपचा उड्डाणपूल सायकलने चढू नका, खालून जा. बघायचं काय, तर खड्डे नव्हे, ते दिसतात. ड्रेनेजच्या जाळ्या बघा. जिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेला समांतर आहेत तिच्यात बारीक टायर अलगद शिरतो. माझ्या एकवीस गिअरवालीचं पुढचं चाक असंच शिरलं होतं. ढोपर फुटलं, चष्मा वाचला. शाळेची गेटं, रिक्षा स्टँड, उजवीकडे वळायला कठीण असलेले चौक हेही लिहून ठेवा. अशा चौकात उतरून झेब्रावरून सायकल ढकलत न्यायची, यात कमीपणा काही नाही.

सायकल ट्रॅकबद्दल विचाराल तर, ट्रॅक आहेत. महापालिकेचा सायकल आराखडा २०१७ चा, सातारा रोडवर, गणेशखिंड रोडवर ट्रॅक त्याच्याही आधीपासूनचे. त्याच सुमाराला ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या रंगीत सायकली औंधात आणि विद्यापीठात आल्या, शहरभर दिसल्या आणि दिसेनाशाही झाल्या. तासावर भाड्याने सायकल ही पुण्याला नवलाई नव्हती, आमच्या वडिलांच्या पिढीने ती चौकाचौकातल्या दुकानांतून घेतलेली. तेव्हा सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा आणि रात्री दिवा नसला तर पोलीस चाकातली हवा सोडायचा. ट्रॅक मिळाला तर वापरा, मध्येच भाजीची गाडी किंवा वीजखांब आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, पण तुमचा रस्ता ट्रॅकवर अवलंबून आखू नका.

पायी जाण्याची तयारी लोक करतच नाहीत, कारण चालायला काय लागतं? चप्पल लागते. घसरणारी, अंगठ्याची, रबरी नव्हे, मागे पट्टा असलेली. फरशीचे ब्लॉक उचकटलेल्या फुटपाथवर साध्या चपलेने चाललं की लक्ष सगळं पायात राहतं. कापडी पिशव्या दोन घ्या, एकीत सगळं कोंबलं की एक खांदा दुखतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी निघते. कांदे-बटाटे, नारळ, तेलाचा डबा हे आठवड्यातून एकदा सायकलच्या कॅरिअरवर. पायी फेरीत फक्त पालेभाजी आणि दूध, म्हणजे रोज थोडं थोडं.

फुटपाथविषयी दोन गोष्टी माहीत असू द्या, वाद घालताना उपयोगी पडतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांप्रमाणे चालायला मोकळी रुंदी निदान १.८ मीटर हवी, म्हणजे उंच माणूस आडवा झोपेल इतकी, आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. जंगली महाराज रस्त्यावर चालून आलात तर हे शक्य आहे हे कळतं. आपल्या गल्लीत टेप लावून बघा, मी लावली होती. आकडा सांगत नाही. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की वापरण्याजोगे फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या हक्काचाच भाग आहे. तक्रार करताना 'फुटपाथ खराब आहे' असं न लिहिता खांबाचा क्रमांक, मोजलेली रुंदी, फोटो आणि वेळ लिहा. एकट्याने एकदा लिहिण्यापेक्षा चार घरांनी त्याच जागेबद्दल लिहावं.

पेठेतली कामं असतील तर गाडी पूर्ण विसरा. सप्टेंबर २०२४ मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, तिथून तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड चालत. पार्किंग शोधायला जायचा तेवढ्या वेळात चिंचेपासून चोळीच्या खणापर्यंत सगळं होतं. अकरा डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रोडचा उंबऱ्या गणपती ते गरुड गणपती चौक हा टप्पा वाहनांना बंद करून पादचारी दिन करते, २०२१ पासून. तुमच्या पहिल्या दोन महिन्यांत तो दिवस येतो. लहान मुलांना घेऊन जा, रस्त्याच्या मधोमध चालू द्या.

ऑफिसच्या आठवड्यासाठी एक शर्ट किंवा कुर्ता, लहान टॉवेल आणि कंगवा तिथल्या कपाटात आदल्या शुक्रवारी नेऊन ठेवा. घाम येतोच, पण हळू मारली तर नोव्हेंबरात तो पंख्याखाली पाच मिनिटांत वाळतो. ओढणीची गाठ मागे मारा, दोन्ही टोकं आत खोचा, हे मी हसत सांगत नाहीये. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, चार्ज करायचा असेल तर चार्जर फोनच्या चार्जरशेजारीच. हेल्मेट घाला. घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "पेट्रोल परवडेना का गं?" आणि त्यांच्या भिशीत पुढचे दोन महिने तोच विषय होता. आता त्या स्वतः बँकेत चालत जातात, पण ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

पावसाळ्याचं आत्ताच ठरवू नका. तोपर्यंत सवय लागली असेल तर रेनकोट आणि जास्तीचं चेन ऑइल आपोआप घ्याल, आणि खडकवासला धरणातून पाणी सोडलं की पाण्याखाली जाणारा भिडे पूल धरायचा नाही हे पुणेकराला सांगावं लागत नाही.

शेवटचं काम रविवारी रात्रीचं. दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघा. पिशवी, कुलूप आणि घंटीवाली सायकल दाराच्या वाटेत. गाडीची किल्ली डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, अशी की स्टूल घेतल्याशिवाय हाताला लागणार नाही. मात्र दहा दिवसांतून एकदा गाडी काढून पंधरा मिनिटं चालवा. बॅटरी उतरते. आमची उतरली होती, आणि नेमकी पाहुण्यांना स्टेशनवर सोडायच्या पहाटे.