डिटेक्टिव्ह कथा वाचायच्या कशा आणि मग पडद्यावर बघायच्या कशा

बरेच जण शेरलॉक होम्सचा जाडजूड ऑम्निबस घेतात, पहिल्या पानापासून सुरू करतात आणि शंभरेक पानांत गळपटतात. नाहीतर उलटं, सिरीजचे सगळे एपिसोड एका दमात बघून मग पुस्तक उघडतात, तेव्हा खुनी कोण ते आधीच माहीत असतं. दोन्हीत नुकसान आपलंच, म्हणून जरा क्रमाने जाऊया.

पायरी १: सुरुवात छोट्या कथेने

होम्सच्या एकूण ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या. पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ ची, होम्स-वॉटसनची भेट तिथेच होते त्यामुळे तिथूनच सुरू करावंसं वाटतं, पण तिच्यात मध्येच गोष्ट उठून थेट अमेरिकेत जाते आणि होम्स कितीतरी पानं गायब, नवीन वाचणाऱ्याला वाटतं की बाइंडिंगमध्ये दुसरंच पुस्तक आलंय की काय. त्यापेक्षा १८९२ चा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' घ्या, बारा कथा, एका बैठकीत एक होते. त्यातली 'द रेड-हेडेड लीग' आधी वाचा. एका माणसाला केवळ त्याचे केस लाल आहेत म्हणून नोकरी मिळते आणि काम काय तर एन्सायक्लोपीडिया हाताने उतरवून काढायचा! हा येडेपणा कोणी आणि कशासाठी चालवलाय ते तुम्हीच शोधा.

अगाथा क्रिस्टीच्या बाबतीत 'द एबीसी मर्डर्स' (१९३६) किंवा 'डेथ ऑन द नाईल' (१९३७) बरं पडतं. 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) सगळे आधी सुचवतात, मी म्हणेन नको, क्रिस्टीचा डिटेक्टिव्ह पॉयरो, त्याच्या तीन-चार कादंबऱ्या वाचून या कथांची नेहमीची चाल अंगवळणी पडली की मगच त्याचा खरा दणका बसतो. आणि तोवर त्याच्याबद्दल नेटवर काहीही वाचू नका, अगदी पुस्तकाचं रेटिंग बघायलाही जाऊ नका, खाली कमेंटमध्ये कोणीतरी फोडून ठेवलेलं असतंच.

पायरी २: प्रत्येक माहितीला विचारा, हे सांगतंय कोण

मोठे तक्ते वगैरे करायची गरज नाही. एवढंच बघायचं की ही गोष्ट त्या पात्राने स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली, वेळ कुठल्या घड्याळावरून सांगितली, आणि कुठली फालतू वाटणारी गोष्ट लेखकाने उगाच का लिहिली असेल.

'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत बघा. रेसचा घोडा रात्रीतून गायब, त्याचा ट्रेनर माळावर मरून पडलेला, आणि तबेल्यावर पहाऱ्याला असलेला पोरगा बेशुद्ध कारण त्याच्या जेवणात अफूची पूड होती. जेवणात काय होतं? करी घातलेलं मटण. कथेत हे इतक्या सहज येऊन जातं की आपण पुढे सरकतो. होम्स मात्र तिथेच अडतो, कारण अफूला चव असते, साध्या जेवणात ती लगेच कळली असती, करीत लपून गेली. मग बाहेरून आलेल्या माणसाला त्या रात्री नेमकी करीच असणार हे कसं माहीत असेल? याच कथेत रात्री न भुंकलेल्या कुत्र्याचा तो फेमस क्लू पण आहे, पण मला स्वतःला करीचाच जास्त आवडतो, लोक उगाच कुत्र्यालाच सगळं क्रेडिट देतात. पुढचं सांगत नाही.

पायरी ३: उलगडा यायच्या आधी पुस्तक मिटा

सगळ्यांना एका खोलीत बसवलं आणि डिटेक्टिव्ह घसा खाकरायला लागला की थांबायचं. एलरी क्वीनच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तर या जागी वाचकाला चॅलेंज देणारं पानच असतं, की सगळे पुरावे तुमच्यासमोर आलेत, आता सांगा. रोनाल्ड नॉक्स या लेखकाने १९२९ मध्ये अशा कथांसाठी दहा नियम केले होते, त्यातही हेच, की डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकापासून लपवायचा नाही. तेव्हा नुसतं नाव ठोकू नका, कारण सांगा. 'मला त्या डॉक्टरवर पहिल्यापासून डाऊट होता' याला काही अर्थ नाही, डाऊट सगळ्यांवर असतोच. चुकलात तर उलट छान, मागे जाऊन आपल्याला नक्की कुठल्या वाक्याने गंडवलं ते शोधायला मिळतं.

पायरी ४: आता पडदा

पुस्तक आधी, स्क्रीन नंतर, यावर मी ठाम आहे. कारण पुस्तकात नुसतं 'एक बाई आत आली' म्हणून भागतं, कॅमेऱ्याला तिचा चेहरा दाखवावाच लागतो. आणि दुसरी गोची कास्टिंगची, चार वाक्यांच्या रोलमध्ये नावाजलेला ॲक्टर दिसला की समजावं काहीतरी शिजतंय. सिडनी ल्युमेटच्या १९७४ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'मध्ये ही भानगडच नाही कारण डब्यातले जवळजवळ सगळेच स्टार, संशय घ्यायचा तर घ्या सगळ्यांवर. त्यात इन्ग्रिड बर्गमनची चौकशी एकाच लांबलचक शॉटमध्ये आहे, तिला त्या रोलसाठी ऑस्कर मिळालं, तो सीन बघताना पॉयरोकडे नाही, तिच्याकडे बघत राहा.

कुठून सुरू करायचं म्हणाल तर होम्ससाठी ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीची जेरेमी ब्रेटवाली सिरीज (१९८४ ते १९९४), क्रिस्टीच्याच मिस मार्पल या म्हाताऱ्या डिटेक्टिव्हसाठी जोन हिक्सन, पॉयरोसाठी डेव्हिड सुशे, डोळे झाकून. बासू चटर्जींची १९९३ ची 'ब्योमकेश बक्षी' पण घ्या, रजित कपूर त्यात कुठेही हिरोगिरी करत नाही. २०१० पासूनची बीबीसीची 'शेरलॉक' चकाचक आहे, पण मूळ कथा वाचून बघितली तरच तिच्यातल्या गमती कळतात.

पायरी ५: एकच गोष्ट दोन व्हर्जनमध्ये बघा

सगळ्यात मजा इथे आहे. 'अँड देन देअर वर नन' ही १९३९ ची कादंबरी, तिचं नाटक करताना क्रिस्टीने स्वतःच शेवट बदलला, रेने क्लेअरच्या १९४५ च्या सिनेमाने तो नाटकाचा शेवट घेतला, आणि बीबीसीची २०१५ ची तीन भागांची सिरीज पुस्तकाच्या काळ्याकुट्ट शेवटावर गेली. दोन्ही बघा आणि स्वतःच ठरवा कुठला पटतो. ओरिएंट एक्सप्रेसचंही तसंच, १९७४ चा सिनेमा बऱ्यापैकी हसतखेळत संपतो तर सुशेचा पॉयरो शेवटच्या त्याच निर्णयावर अक्षरशः तळमळतो. आणि एक वॉर्निंग, आयटीव्ही या ब्रिटिश चॅनेलच्या नंतरच्या मार्पल सिरीजमध्ये काही भागांत खुनीच बदललाय, तेव्हा ती बघून 'पुस्तक कळलं' असं म्हणू नका.

पायरी ६: कंटाळा आला तर उलट्या बाजूने

'कोलंबो' या अमेरिकन टीव्ही सिरीजमध्ये खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवतात, मग चुरगळलेल्या रेनकोटातला तो लेफ्टनंट त्याला कसा पकडतो एवढंच बघायचं. ही आयडिया ऑस्टिन फ्रीमनने १९१२ मध्येच पुस्तकात वापरली होती. 'मर्डर बाय द बुक' हा १९७१ चा एपिसोड बघा, दिग्दर्शक तरुण स्पीलबर्ग.

पॉयरोचं 'कर्टन' मात्र अगदी शेवटी. क्रिस्टीने ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून बाजूला ठेवलं होतं, छापलं १९७५ मध्ये, आणि सुशेची २०१३ मध्ये संपलेली सिरीज पण त्यावरच थांबते. गोष्ट घडते ते घर म्हणजे स्टाइल्स, पॉयरोच्या १९२० च्या पहिल्या केसमधलं, तेव्हा बाकी काही नाही तरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' आधी वाचलेलं असू द्या.